मानेपुरता साचा

बेंट क्रीक, मोंटाना
१४ ऑक्टोबर १९८८

प्रिय आर्लन,

तू आणि जोॲन मजेत असाल. इकडे डोंगरावर बर्फ उतरलंय, खाली मात्र नुसता वारा. चोकचेरीची जेली यंदा घट्ट झालीच नाही, पाकासारखी राहिली. तरी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. शेजारच्या बर्निसच्या कुत्रीला पिल्लं झाली. नॉर्व्हल बरा आहे.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. आर्लन, तो बरा नाही. तुझा फोन आला की तुझा भाऊ खो खो हसतो ना, तेव्हा रिसीव्हर मी त्याच्या कानाला धरलेला असतो. कंप आता दोन्ही हातांत आहे. शर्टाची बटणं मी लावते. चर्चच्या जेवणांना आम्ही जात नाही, कारण चार माणसांत त्याला चमचा उचलायचा नसतो.

सप्टेंबरात त्याने काडतुसं भरायला घेतली. दरवर्षी एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी तुम्हा दोघांसाठी भरतो तशीच, असं मला वाटलं. पण झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी मापात आणायला साच्यात दाबताना तिला चरबी लावायचं राहिलं आणि ती साच्यात अडकून बसली. थरथरत्या हातांनी त्याने ती ठोकून काढायला घेतली आणि साचाच बाद केला. मग आम्ही डेलच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. डेलने नेहमीचा, पुंगळीचं सगळं अंग दाबणारा साचा पुढे ठेवला.

नॉर्व्हल म्हणाला, "हा नको. मानेपुरता दे, पुंगळीची नुसती मान आवळणारा."

"अरे, मग त्या फक्त तुझ्याच बंदुकीत बसतील. आर्लनच्या बंदुकीचं काय? त्याच्या बंदुकीत काडतुसाचं घर घट्ट आहे, मागचा बोल्ट मिटायचा नाही. पुन्हा भांडाल तिकडे शिकारीच्या तंबूत!"

"आर्लनला यंदा लागणार नाहीत."

मला वाटलं, तुमचं फोनवर काही बोलणं झालं असेल. मी विचारलं नाही.

साचा बसवायला हात माझे होते. तो शेजारी स्टुलावर बसून सांगायचा. साचा प्रेसमध्ये फिरवत खाली आणायचा, पुंगळी धरणाऱ्या खालच्या पकडीला टेकला की जरा मागे घ्यायचा. पुंगळी दाबायची, मान किती आवळली ते बघायचं, मग ती रिकामीच बंदुकीत घालून बोल्ट मिटतोय ना ते बघायचं. पुन्हा किंचित खाली. मी चुकले की ओरडायचा.

"मायर्ना, बिस्किटाचं पीठ मळतेस का? हळू!"

"मग करून बघ तूच!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो हसला. "तुझ्या बिस्किटांपेक्षा हे काम बरं जमतंय." किती दिवसांनी हसला होता, आर्लन! बोल्ट लोण्यासारखा मिटला, मी साच्याचं कडं आवळलं, आणि आम्ही दोघं तिथेच कॉफी प्यालो. मला वेडीला वाटलं, माणूस परत आला.

दुसऱ्या दिवशी एक काडतूस भरून झालं. मी पुढची पुंगळी उचलली, तर म्हणाला, "राहू दे. एक पुरे."

"एका गोळीत एल्क? उभ्या जन्मात तरी पाडलास का?"

तो हसला नाही. तेव्हा डेलच्या दुकानातलं त्याचं बोलणं मला कळलं. ते काडतूस मी माझ्या हातांनी भरलं होतं.

सकाळी न्याहारीला मी सरळ विचारलं, "ते कोणासाठी आहे?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "मायर्ना, मला कुणाच्या हातून भरवून घ्यायचं नाहीये. तुझ्या हातून तर नाहीच."

मी बशा उचलल्या. तो अंघोळीला गेला तशी त्याची बंदूक, तुमच्या वडिलांची जुनी बंदूक आणि ते काडतूस पिकअपमध्ये टाकलं. इंजिनाचा आवाज ऐकून तो टॉवेल गुंडाळून, ओल्या अंगाने पोर्चवर आला. पायऱ्या उतरायला त्याला कठडा धरावा लागतो. तो एक पायरी उतरेपर्यंत मी फाटकाबाहेर होते. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ती वेळ धरली. आरशात तो दिसत होता. हाक मारत होता की शिव्या देत होता, ऐकू आलं नाही.

बंदुका बर्निसच्या घरी कुलपात आहेत. ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदललंय, म्हणाले, त्याला एकटं सोडू नका, आणि वेळ लागेल. कशाला वेळ लागेल ते मी विचारलं नाही. हात तर सुधारायचे नाहीत.

परत आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझं होतं ते एकच काम तू नेलंस." त्यानंतर बोललेला नाही. आणि आता तो मुकाट्याने भरवून घेतो. मी चमचा नेला की तोंड उघडतो, गिळतो. माझ्याकडे बघत नाही. भांडला असता, वाडगा उडवला असता, तर मी देवाचे आभार मानले असते. मी त्याला वाचवलं असं बर्निस म्हणते. मला तसं वाटत नाही. मी फक्त त्याला इथे ठेवून घेतलंय.

तू ये. शिकारीला म्हणून नको, तुझी बंदूक घरीच ठेव. फोन करू नकोस, त्याला कळलं तर नको म्हणेल, आणि तू त्याचं ऐकशील. कशाला आलास असं त्याने विचारलं, तर मायर्नाने बोलावलं म्हणून सांग. राग माझ्यावर आहेच, आणखी थोडा झाला तर काय. फक्त त्याच्याजवळ बस. तुझ्याशी तरी बोलेल. नाही बोलला, तरी मग घरात गप्प बसलेली दोघं नसतील, तिघं असतील.

हे पत्र बर्निस टपालात टाकेल. त्याला एकटं सोडून मला आता फाटकापर्यंतही जाववत नाही.

अजून इथेच,
मायर्ना