वाफ्यातले बटाटे

प्रिय क्लिफर्ड,

व्हॅनच्या कर्जाबरोबर बँकेने तुझ्या गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे आज परत मिळाले. नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमा, आणि तू स्वतःचा धंदा असलेला प्लंबर; तुझी नोकरी जाणार कुठून?

ते पैसे मिळवून देणारा दलाल तू गेल्यावरही फोन करायचा. "क्लिफर्ड आहेत का?"

मी म्हणायचे, "वाफ्यात बटाटे काढतोय. उद्या करा."

"बाई, रोज बटाटेच?"

"फार लावलेत."

शेवटी तुझी बहीण मॅविस वैतागली. "एनिड, पुरे आता," म्हणत तिनेच त्याला तुझ्या मृत्यूचा दाखला पाठवला.

आज त्याचा फोन आला. "काम झालं, बाई. आता तुम्हाला त्रास देणार नाही."

मी विचारलं, "उद्याही नाही?"

तुझीच,
एनिड