मेणाची रेघ

१ मार्च, शनिवार

परत उजवीकडे! अकरा वेळा गोल्फचा चेंडू झाडीत. तीन वर्षं हेच चाललंय. खांदे सरळ ठेवून पाहिले, पाय जवळ घेऊन पाहिले, मास्तर लावून पाहिले. आमच्या यांचं एकच पालुपद — ‘अगं, मनगटं कच्ची आहेत तुझी.’ कच्ची! दिवसभर लोकांच्या कवळ्या घासणारी मनगटं आहेत ही. अर्ध्या मिलिमीटरची चूक बोटाला कळते.

आज कॅप्टनबाईंनी बायकांच्या संघातून माझं नाव काढलं. सगळ्यांसमोर. ‘काठीला दोष देऊ नका. वय झालं की सोडावं माणसानं.’ स्वतःचे फटके हल्ली कुठे जातात ते कोणी बोलायचं?

घरी येऊन बूट फेकले. एक कपाटाखाली गेला. राहू दे तिथेच.

४ मार्च

क्लबच्या पत्रकात सामानाची परीक्षणं मीच लिहिते. कुणाची भीड ठेवत नाही. हातमोजा — दोन धुण्यांत गेला, तसं लिहिलं. चेंडू खळगीत ढकलायचा पटर बरा. आणि ड्रायव्हरला धुऊन काढलं: ‘लांब फटक्याची ही काठी सरळ मारायला शिकलेलीच नाही. झाडीत भटकायची हौस असेल तरच घ्यावी.’

यांनी वाचलं आणि पोट धरून हसले. ‘झकास!’ म्हणाले. माझं एवढं कौतुक कधी नसतं.

८ मार्च, शनिवार

‘घट्ट करून ठेवलाय गं.’ दर शनिवारी सकाळी हे पाना घेऊन बसतात, माझ्या ड्रायव्हरचं डोकं ढिलं होऊ नये म्हणून. चहा कधी करून दिला नाही, पण हे मात्र न चुकता. तेवढीच माया म्हणायची! हल्ली कॅप्टनबाईंचे मिस्टरही तो पाना मागून नेतात.

नऊ वेळा झाडीत.

११ मार्च

काठी विकणाऱ्या दुकानदाराचा फोन. ‘बाई, त्या बिचाऱ्या काठीनं तुमचं काय घोडं मारलंय? घेऊन तरी या.’

नेली. त्यानं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. काठीच्या मानेशी एक कडी असते. ती पान्यानं फिरवली की काठीचं तोंड उजवीकडे उघडतं किंवा डावीकडे मिटतं. ‘ही पार उघडी आहे. हिनं कुणीही मारलं तरी चेंडू उजवीकडेच जाणार. तुम्ही फिरवलीत?’

मी? माझ्याकडे पानाच नाही.

त्यानं कडी मधल्या खुणेवर आणली. पाच चेंडू मारले. पाचही सरळ! तिथेच रडू आलं. आनंदाचं नव्हतं.

१४ मार्च

लॅबमधून कवळीचं मेण आणलं. कडीवरून खाली डोक्यापर्यंत एक रेघ ओढली, केसाएवढी. चष्म्याशिवाय दिसायची नाही. आणि हे चष्मा लावत नाहीत — मिजास!

देवा, माझा संशय खोटा ठरू दे.

१५ मार्च, शनिवार

‘घट्ट करून ठेवलाय गं.’

रेघ तुटलेली. वरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे.

१६ मार्च

आठवलं सगळं. तीन वर्षांपूर्वी काठी नवी होती. पहिल्याच दिवशी माझा चेंडू यांच्या चेंडूपुढे चांगला वीस पावलं गेला. मित्र यांना हसले. पुढच्या शनिवारी पाना निघाला.

नीच माणूस. परत लिहिते — नीच माणूस! माझ्या मनगटांना रोज मलम चोळून द्यायचे ते हेच. मी हात पुढे करायचे आणि ‘किती करता हो माझं’ म्हणायचे. याचीच जास्त लाज वाटते.

२२ मार्च, शनिवार

माझा स्वतःचा पाना घेतला. यांनी ‘घट्ट’ करून दिल्यावर क्लबच्या बाथरूममध्ये कडी परत मध्ये आणली. पहिलाच फटका — सरळ, लांब, यांच्या कितीतरी पुढे! सगळे चेंडूकडे बघत होते. हे काठीकडे.

कॅप्टनबाई मागून आल्या. ‘काय केलंत?’ मी सगळं सांगून टाकलं, रेघेसकट. म्हटलं, हसू देत हसल्या तर. त्या हसल्या नाहीत. बराच वेळ हातमोजा काढत-घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘मेण आहे का अजून?’

२५ मार्च

पत्रकात दुरुस्ती दिली: ‘काठीत दोष नाही. क्षमस्व.’ दोष कुठे ते लिहिलं नाही. यांनी वाचलं, घडी घालून ठेवलं. शनिवारचा चेंडू सरळ कसा गेला, ते विचारलंही नाही. मीही सांगितलं नाही.

संघात नाव परत आलंय.

२९ मार्च, शनिवार

कॅप्टनबाई काठी घेऊन आल्या. या महिन्यात त्याही संघ सोडणार होत्या म्हणे, वय झालं म्हणून. दोघींनी चष्मे लावले.

त्यांचीही रेघ तुटली होती.