सरड्याला उपाशी झोपवताना

आई, तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि आपल्या गोडदेव गावातल्या खोलीत सध्या एक सरडा झोपलाय. किंचाळू नकोस. हातभर लांब, दाढीवाला, परदेशी जातीचा, रीतसर कागद असलेला आहे. मित्र पुण्याला गेला आणि जाताना त्याला माझ्याकडे सोपवून गेला. माझ्याकडे, जो आठ दिवस एका जागी टिकत नाही! थंडी पडली तसा तो सुस्तावला, खाईना. शेजारच्या आंटी त्याच्या काचेच्या पेटीत डोकावून म्हणाल्या, "बेटा, तेरा मगरमच्छ तो गया." मी म्हटलं, "गया नहीं आंटी, नींद आ रही है उसको." म्हटलं खरं, पण लगेच त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. जंत नाहीत, वजन बरं. म्हणाले, झोपू द्या महिना-दोन महिने, पण पोट रिकामं करून. दोन आठवडे खाणं बंद, उबेचा दिवा मात्र चालू, म्हणजे आधीचं पचून बाहेर पडेल. मग दिवा हळूहळू कमी करायचा, पाण्याची वाटी ठेवायची, दर रविवारी वजन. पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत सडतं आणि जीव जातो.

उपाशी झोपवायचं, आणि तेही आपल्या घरात! आठवतं? तू भांड्यांच्या कारखान्यातून येतेस, मी उंडारून येऊन आडवा झालेला, तू मला भिंतीला टेकवून बसवतेस आणि माझे डोळे मिटलेले असतानाच भाकरी, सुका बोंबील भरवतेस. "चार घास गिळ, मग लोळ हवा तेवढा." (परवा उत्तनला गेलो होतो, बोंबील अजून तसेच वाळत घालतात. ते असू दे.) तर बाराव्या दिवशी त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मला राहवेना. दोन किडे भरवले. सकाळी डॉक्टरांचं ते सडण्याचं बोलणं आठवलं. खोक्यात घालून, रिक्षा करून परत डॉक्टर. दिवा पुन्हा पूर्ण चालू, दिवस पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याने साहेबांनी शी केली तेव्हा मी आंटींना हाक मारून दाखवली. आता तो गाढ झोपलाय, तीन रविवार वजन जवळपास तेवढंच, आणि मी एक रात्रही बाहेर राहिलेलो नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी डॉक्टर ओरडले, "कोणी भरवलं याला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आईने." ते एकदम नरमले. म्हणाले, "आईंना नीट समजावून सांगा, जागा होईपर्यंत काही द्यायचं नाही." मी सांगतो म्हणालो. म्हणून हे लिहिलं. पाठवणार कुठे, पण सांगितलं.