पाच नंबरचा पाय

सोमवार, १९ जानेवारी. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

याच मिनिटाला, भर दुकानात, दोन अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत, बुटांच्या दुकानातल्या सेल्समनने माझा पाय साडेसहा नंबरचा असल्याचं जाहीर केलं. जाहीर म्हणजे अक्षरशः जाहीर. माळ्यावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, काकूंसाठी साडेसहा टाक, रुंद पंजाचा. वेळ लिहून ठेवते आहे, कारण हे प्रकरण इथे मिटणार नाही.

माझा नंबर पाच आहे. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते तेव्हापासून पाच. बुटाच्या तळव्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक ५ लिहिलेला असायचा, तो अजून डोळ्यांसमोर आहे. आकडे मी विसरत नाही. आवक-जावक विभाग एकतीस वर्षं सांभाळला आहे.

त्या माणसाने मला लोखंडी पट्टीवर उभं केलं. मी म्हटलं, मी नेहमी बसून माप देते. तर म्हणे, उभं राहिल्यावर पाय पसरतो, वयाबरोबरही पसरतो. पाय आहे की चटई?

मी पाचचाच जोड घेतला. काळा, बंद, लेसचा. त्याने बिलावर लिहिलं, 'ग्राहकाच्या आग्रहावरून. बदलून मिळणार नाही.' मी खाली सही केली. पूर्ण सही.

जुनं दुकान बंद झालं म्हणून हे भोग. तिथले म्हातारे मालक मी दारात दिसले की न विचारता पाच नंबर काढायचे. चाळीस वर्षं एकदाही चावली नाही त्यांची चप्पल.

मंगळवार, २० जानेवारी.

बूट कशासाठी, ते नोंदवायचं राहिलं. पंधरा फेब्रुवारीला शाळेची शंभरी. माजी विद्यार्थिनींचं संचलन, मैदानाला एक पूर्ण फेरी, आणि झेंडा माझ्या हातात. मी शाळेच्या शेवटच्या वर्षी कॅप्टन होते. कमिटीने अट घातली आहे की तिन्ही सरावांना हजर राहायचं आणि शेवटपर्यंत चालायचं, नाही जमलं तर झेंडा व्हाइसकडे. व्हाइस म्हणजे तेव्हाची व्हाइस-कॅप्टन. बावन्न वर्षं झाली, ती अजून माझ्या आजारी पडण्याची वाट बघते आहे.

घरात बूट घालून फेऱ्या. सात पावलं उत्तम. आठव्याला डोळ्यांत पाणी. नवीन चामडं असंच असतं.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, अगं, एक नंबर मोठा आणू का बदलून. मी म्हटलं, तुम्ही वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं काढलीत, खोट्या मापाला शरण जायला सांगता? यांनी पेपर आणखी वर धरला. यांना लाज वाटली असावी.

दुकानाला पत्राचा मसुदा लिहिला. मुद्दा एकच, पट्टी सदोष आहे.

गुरुवार, २२ जानेवारी.

यांना पट्टी तपासायला पाठवलं. स्वतःची स्टीलची मोजपट्टी घेऊन गेले. दीड तासाने परत. म्हणाले, पट्टी बरोबर आहे, मिलिमीटरचाही फरक नाही. म्हणताना भिंतीकडे बघत होते. चौकशीअंती कळलं की सेल्समनने चहा पाजला. एवढी वर्षं दुकानदारांची काट्याची वजनं जप्त करणारा माणूस, निवृत्त झाल्यावर एका कपात फुटला.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने रवाना. जावक क्रमांक १.

शनिवार, २४ जानेवारी. दुपारी.

पहिला सराव. दोन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर बोटं दुखायची थांबली. नंतर कळलं की बधिर झाली होती.

व्हाइस कॅनव्हासचे पांढरे बूट घालून आली होती. केवढे मोठे, आत मांजर व्यावी. विचारलं तेव्हा खुशाल सांगते, बाई, माझा आता सात झालाय, पुढे अंगठाभर जागा लागते म्हणे. लाज नावाची गोष्ट नाही. आमची धाकटी बहीणही तशीच. ती शाळेत माझ्या तीन वर्षं मागे होती, तेव्हाही तिच्या बुटांना मी होड्या म्हणायचे. आज सरावाला आली आणि विचारते, ताई, तू लंगडतेस का. मी म्हटलं, ही ड्रिलची जुनी पद्धत आहे.

घरी मोजे काढले. टाचेला फोड, आणि करंगळीवरचं जुनं कुरूप पुन्हा जागं झालेलं.

मंगळवार, २७ जानेवारी.

पायांच्या डॉक्टरीणबाईंकडे. वय साधारण माझ्या चष्म्याएवढं. पाय हातात घेतला, बूट बघितला, पुन्हा पाय बघितला आणि म्हणाली, आजी, हा पाय या बुटात गेला कसा. मी म्हटलं, शिस्तीने.

म्हणणं असं: कुरूप हा रोग नव्हे, एकाच जागी दाब आणि घासणं चालू राहिलं की कातडी घट्ट होते. बूट बदलला की अर्धं काम होतं. कोमट पाण्यात पाय बुडवून खरखरीत दगडाने हलकं घासायचं. ब्लेड लावायचं नाही. कुरुपाच्या औषधी पट्ट्या डोळे मिटून चिकटवायच्या नाहीत, चांगली कातडी सोलते. नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. आणि बूट घ्यायचे ते संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडा सुजतो तेव्हा, दोन्ही पाय मोजून, उभं राहून.

म्हणजे ही त्या सेल्समनला सामील आहे.

बूट सोडून बाकी सगळा सल्ला काटेकोर पाळायचा, असा निश्चय.

शुक्रवार, ३० जानेवारी.

खरखरीत दगडाला फार वेळ लागतो. यांचं ब्लेड वापरलं. थोडंसं रक्त. त्यावर औषधी पट्टी. पट्टी करंगळीवर लावली होती, सकाळी शेजारच्या बोटावर सापडली. त्या बोटाची कातडी पट्टीबरोबर आली. ते बोट आतापर्यंत निरोगी होतं.

नखंही कापली. सरळ रेषेत कापली तर कुदळीसारखी दिसतात. बोर्डिंगमध्ये सिस्टर नखं तपासायच्या, अर्धचंद्र नसेल तर पट्टी हातावर. गोलच कापली.

ब्लेड शोधताना यांच्या ड्रॉवरमध्ये सँडपेपरच्या बारक्या तुकड्यांचा गठ्ठा सापडला. विचारलं, हे कशाला. तर म्हणाले, असू दे, लागतो. सुतारकाम या माणसाने जन्मात केलेलं नाही.

शनिवार, ३१ जानेवारी.

दुसरा सराव. एक फेरी पूर्ण. दुसरीच्या अर्ध्यावर मी थांबून मैदानाची पाहणी केली. व्हाइस धावत आली, झेंडा धरू का म्हणाली. मी म्हटलं, गवत बघते आहे. बराच वेळ बघून मग उरलेली फेरी पुरी केली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.

नवा उपाय, माझा स्वतःचा. बुटांत ओल्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, चामडं सैल होण्यासाठी. सकाळी बोळे काढले, आणि बूट पायाचा आकार घेईल म्हणून ओलेच घालून चार तास बसले. डोकं असलं की डॉक्टर लागत नाही.

टाच मात्र सकाळी पहिलं पाऊल टाकताना ठणकते. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाली, पोटऱ्या ताणा, आणि बर्फाची बाटली तळव्याखाली हळूहळू फिरवा, बसून. मी उभ्याने फिरवली, वेळ वाचावा म्हणून. बाटली पुढे गेली, मी तिच्यामागे. यांनी उचलून खुर्चीवर बसवलं. बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली. चेहरा बोलत होता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.

ओल्या बुटांमुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. शिवाय उजव्या अंगठ्याचं नख कोपऱ्यातून मांसात शिरतं आहे. नखुरडं. या वयात.

दुकानाचं उत्तर आलं. तीन ओळी. काकू म्हणे पुन्हा या, मोफत मोजून देऊ, हवं तर घरी येऊन मोजू. घरी येऊन? मी काय पडदे शिवायला टाकले आहेत? हे उत्तर मी उत्तर धरत नाही. जावक क्रमांक २ रवाना.

शनिवार, ७ फेब्रुवारी.

तिसरा आणि शेवटचा सराव. पूर्ण केला. कसा, ते लिहीत नाही. धाकटीने एका बाजूने आणि यांनी दुसऱ्या बाजूने धरलं होतं, पण झेंडा माझ्या हातात होता. कमिटीच्या बाईंनी विचारलं, जमेल ना. व्हाइस मागे उभी राहून हातरुमाल घडी करत होती. जमेल म्हणून सांगितलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी.

अंगठा टोमॅटोसारखा. डॉक्टरीणबाईंनी नखाचा कोपरा सोडवला, मलम दिलं, चिखल्यांसाठी पावडर दिली. दोन आठवडे बंद बूट वर्ज्य. मी म्हटलं, फक्त पंधरा तारखेला, फक्त वीस मिनिटं. ती म्हणाली, आजी, पाऊण मिनिटही नाही. मग गोल कापलेली नखं बघून लेखी सूचना पुन्हा दिली, या वेळी मोठ्या अक्षरांत, जशी लहान मुलांना देतात.

यांना ऐकवलं, मी शाळेत कधी एक फेरी चुकवली नाही. यांनी मलम लावता लावता एवढंच म्हटलं, शाळेत तुझे बूट बसत होते गं. हो, मी म्हटलं, पाच नंबरचे. हे पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. या भिंतीत काय आहे, एकदा बघितलं पाहिजे.

शनिवार, १४ फेब्रुवारी.

उद्या बूट घालणार. ठरलं. बावन्न वर्षं ज्या झेंड्याची आठवण सांगितली, तो व्हाइसला देऊन मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी. रात्री ८.

मैदानाच्या कडेला बसून खूप ओढला, पण बूट पायात गेला नाही. डावा अर्धा गेला. उजव्याने नकार दिला. सव्वानऊ वाजले होते, साडेनऊला ढोल. व्हाइस हात पुढे करून उभी. तेव्हा यांनी स्वतःच्या पायातल्या रबरी चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि अनवाणी उभे राहिले. निळ्या, न्हाणीघरातल्या, आठ नंबरच्या. म्हणाले, चल, कॅप्टन.

मी चालले. पूर्ण फेरी. चपलांचा फटक फटक आवाज इतका खणखणीत होता की ढोलवाला गोंधळला आणि माझ्या तालावर वाजवू लागला. मागच्या साठ बायका चपलेच्या तालावर चालल्या. व्हाइसची पावलं पहिल्यांदाच चुकली. दुखलं नाही, हे नोंदवते. अजिबात दुखलं नाही.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नंतर जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. बोर्डिंगच्या कपाटात सापडलेल्या वस्तू, काचेआड. त्यात एक काळा बूट, तळव्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ५. मी सगळ्यांना बोलावलं. धाकटीला, यांना, व्हाइसलाही. म्हटलं, घ्या, बघा पुरावा.

बुटाशेजारी एक पत्र्याचा मग होता. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ५. मगाशेजारी चमचा, ५. टॉवेल, कोपऱ्यात ५. वर पाटी: 'बोर्डिंगमधल्या प्रत्येक मुलीला एक क्रमांक असे. तो तिच्या सर्व वस्तूंवर रंगवला जाई.'

मगाचा साइज पाच नसतो. टॉवेलचाही नसतो.

प्रदर्शनवाल्या मुलीने बूट काढून आतून दाखवला. आत चामड्यावर दाबलेला आकडा होता. सहा. सोळाव्या वर्षी सहा. धाकटी म्हणाली, ताई, माझा क्रमांक तेवीस होता. त्या हिशोबाने तू माझ्या बुटांना होड्या म्हणालीस ते कमीच. व्हाइसने माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. हे सर्वांत वाईट.

घरी येताना यांना विचारलं, जुन्या दुकानातले म्हातारे मालक मला पाच द्यायचे ते कसे बसायचे. हे रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. दाराशी आल्यावर कबुली दिली. ते पाच नव्हते. आधी सहा, पुढे साडेसहा. दर खरेदीला हे पुढे जायचे, दुकान उघडं आहे का बघून येतो म्हणून. तेव्हाच मालकांनी काढून ठेवलेल्या जोडाच्या तळव्यावरचा आकडा सँडपेपरने घासून टाकायचे. चाळीस वर्षं. वजनमापे खात्याचा निरीक्षक. मी विचारलं, का. तर म्हणे, लग्नानंतर पहिल्या चपला घेताना तू पाच म्हणालीस तेव्हा इतकी खूश दिसलीस, मग पुढे सांगायचं राहून गेलं.

आत्ता पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात आहेत. घमेलं यांनीच आणून ठेवलं. त्याने प्रकरण मिटत नाही.

दुकानाला पाठवलेली दोन्ही पत्रं मी मागे घेते. जावक क्रमांक ३, उद्या.

जावक क्रमांक ४ यांना, घरच्या घरी, हातोहात. खालील बाबींचा लेखी खुलासा करावा: एकूण किती जोड्यांचे आकडे घासले, धाकटीला हे कधीपासून ठाऊक होतं, आणि वयाबद्दल, वजनाबद्दल वा माझ्या आवाजाबद्दल अशीच काही दुरुस्ती आजवर केली आहे काय. तोंडी उत्तर, भिंतीकडे बघणं किंवा चहा करून देणं ग्राह्य धरलं जाणार नाही. मुदत बुधवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. साडेसहाला मला बुटांच्या दुकानात जाऊन उभ्याने माप द्यायचं आहे, आणि तिथवर जायला यांच्याच चपला लागतील, तेव्हा खुलासा चपलांसह सादर करावा.