ब्यूकला बोलतं केल्याची हकीकत

व्हेंग, नॉर्थ डकोटा
९ मार्च

ती. आर्डिसताईस,

धाकट्या ऑरिनचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण खाली गेलो तर वर कोण उचलणार, म्हणून उभ्यानेच.) इकडे सगळं ठीक. बर्फ अजून खिडकीच्या खालपर्यंत आहे आणि बद्धकोष्ठही आहे तसंच आहे. तुझ्या खुब्याचं दुखणं कसं आहे ते विचारत नाही, कारण मागच्या पत्रात तू चार पानं तेच लिहिलंस.

सोळा तारखेला ऑपरेशन, घरी न्यायला घरचंच माणूस हवं असं हॉस्पिटलने बजावलंय, आणि तरी तू मला लिहितेस, ‘ऑरिन, तू निघूच नकोस. दोनशे मैलांवरच्या पिअर गावापर्यंत येशील आणि परत फिरशील. मला शेजारचा हॅरल्ड नेईल.’ अगं ताई, हॅरल्डकडे वाहन म्हणजे ती गोल्फच्या मैदानावरची बॅटरीची गाडुली! तिच्यातून नवा खुबा घरी पोचेल का? पण टोमणा लागला. खरा होता, म्हणूनच लागला. गेल्या वर्षी दोनदा निघालो, दोनदा परत आलो आणि गावात सांगितलं की इंजिन तापलं. इंजिनला काही झालं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात लव्हॉनने रस्त्यावरची एक पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय सोडली नाही. मी म्हणायचो, बाई, मलाही वाचता येतं. आता ती नाही, आणि गाडीतली ती शांतता मला सोसवत नाही. दोनशे मैल कसेबसे जातात, मग मी गाडी घराकडे वळवतो. अ‍ॅरिझोनात तुझ्यापर्यंत सतराशे मैल आहेत. (विमानाचं नाव काढू नकोस.)

तेव्हा ठरवलं, गाडीत कुणीतरी बोलतं हवं. माझ्या ब्यूक गाडीत रेडिओ आहे, पण गाव सोडून चाळीस मैल गेलं की नुसती खरखर. शेजारचा डेल्बर्ट म्हणाला, उपग्रहाचा रेडिओ बसव, तो अ‍ॅरिझोनापर्यंत बडबडतो. (डेल्बर्ट म्हणजे तोच, ज्याने आपल्या आईचं शिवणयंत्र दुरुस्त केलं आणि ते त्यानंतर फक्त उलटं शिवायचं.) सामान थोडकंच असतं. टपावर चिकटवायचा काडेपेटीएवढा चुंबकाचा अँटेना, त्याची वायर दाराच्या रबरातून आत, आणि एक डबी. ती डबी वरचं बोलणं पकडते आणि एफएमच्या ८८.१ नंबरवर गाडीच्या जुन्या रेडिओला ऐकवते. डेल्बर्टच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोन तास झटलो. चकार शब्द निघेना. डेल्बर्टने निदान केलं की उपग्रह बिघडलाय. मग त्याची मार्लिस कॉफी घेऊन आली, तिने एकदा छपराकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाली, ‘गाडी बाहेर काढा की, शहाण्यांनो.’ बाहेर काढल्याबरोबर गाडी बोलायला लागली. डेल्बर्टने मान खाली घालून कॉफी प्यायली आणि अब्रू राखायला म्हणून डबीची ताकद ‘जराशी’ वाढवून दिली.

त्या ‘जराशी’ने रविवारी घात केला. चर्च गरम ठेवणारा बॉयलर महिनाभर बंद आहे, त्यामुळे पाद्रीणबाई पायरीवर उभं राहून माईकवर प्रवचन देतात आणि आम्ही सगळे आवारात गाड्यांत हीटर लावून रेडिओवर ऐकतो. आमेन म्हणायच्या ऐवजी हॉर्न वाजवायचा. कुठल्या नंबरवर ऐकतो? ८८.१! मला कुठून आठवायला! प्रवचन बायबलातल्या इयोबावर होतं. देवाने त्या बिचाऱ्याच्या सर्वांगाला गळवं आणली, इथवर बाई आल्या आणि मी डबीचं बटण दाबलं. त्यासरशी माझ्या भोवतीच्या सात गाड्यांत ट्रकवाल्यांची वाहिनी सुरू झाली, आणि तिच्यावर नेब्रास्काचा कुणी एक ड्रायव्हर मूळव्याधीवर घरगुती उपाय सांगत होता. गंमत म्हणजे कुणालाच संशय आला नाही! विषय दुखण्याचाच चालू होता ना, बाईंनी कुणाला साक्षीला उभं केलंय असंच वाटलं. त्या माणसाने ‘बसवत नाही हो, पण सहन करतोय’ म्हटल्यावर सातही गाड्यांचे हॉर्न वाजले. इंगेबोर्ग म्हातारीने तर उपाय लिहून घेतला. पायरीवरच्या बाई चकित, की वाक्य अर्धं असतानाच आमेन कसं? पुढे आवारभर चौकशी झाली, आणि टपावर अँटेना फक्त माझ्याच गाडीच्या होता. मी केक पाठवून माफी मागितली. बाई हसल्या, म्हणाल्या, ‘ऑरिन, इतके हॉर्न मला आजवर कधी मिळाले नाहीत.’

आता एकच काम राहिलंय. उपग्रहाच्या रेडिओची सुरुवातीची फुकटची मुदत संपतेय. डेल्बर्ट म्हणतो, कंपनीला फोन करून ठणकावून सांगायचं, ‘बंद करा’, की ते गयावया करतात आणि निम्म्यात देतात. सगळं गाव असंच करतं. काल मीही ठणकावलं. मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘जशी आपली इच्छा’ आणि फोन ठेवला. डेल्बर्ट म्हणतो, हा त्यांचा डाव आहे, स्वतःहून फोन करतील. वाट पाहतोय. उद्या पहाटे निघतो.

तुझा,
ऑरिन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, खिशातच आहे. सध्या निम्म्या वाटेवर, शायान शहरातल्या मोटेलात आहे. त्यांचा डाव नव्हता. काल शहराच्या अलीकडे रेडिओ वाक्याच्या मध्येच बंद पडला.

ता. क. दुसरा. ताई, खरं सांगतो, शायान सोडताना मी परत वळायला निघालो होतो. वळायचा दिवा लावून रस्त्याच्या कडेला थांबलो आणि रडलो. मग मोठ्याने म्हणालो, लव्हॉन, काय करू गं? आणि तिच्या आवाजात मीच उत्तर दिलं, ‘आधी तो दिवा बंद कर, मागचे लोक शिव्या देतायत.’ तिथून नऊशे मैल आम्ही बोलत आलो. सगळ्या पाट्या वाचल्या. कोलोराडोत भांडण झालं, न्यू मेक्सिको येईपर्यंत अबोला होता.

ता. क. शेवटचा. दुपारी तू झोपतेस, म्हणून बेल दाबली नाही. पत्र दाराखालून सरकवतो आणि तुझ्या फाटकापाशी गाडीत बसतो. खुबा बरा झाला की माझ्याबरोबर डकोटाला चल, कायमची. मला एकट्याला आता ते घर खायला उठतं. पुढची सीट तुला द्यायला लव्हॉनची हरकत नाही, मी विचारलंय. मागे बसेन म्हणाली.