राहून गेलेला एक कागद

प्रिय नलूआत्या,

तू जाऊन आठ महिने झाले आणि मी तुझ्यासाठी अजून एकदाही धड रडलेले नाही. लोकांना वाटतं, सुनीता खंबीर आहे. खरं सांगू? मी चिडलेय. तुझ्यावर, शाळेवर, माझ्या स्वतःवर. काल आपल्या वर्गातल्या अश्विनीला अंबडच्या आयटीआयमध्ये सोडून आले. परत येताना जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, लेकीला सासरी सोडून आलात का, तोंड एवढं का उतरलंय? मी बाहेर बघत बसले. पण घरी येऊन हे तुला सांगितल्याशिवाय आता जेवण जाणार नाही, असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

तू रिटायर झालीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जुन्या जालन्यातल्या घरी निवांत बसशील. उभं आयुष्य बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेलेलं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचं. पण तू महिनाभरही घरी टिकली नाहीस. एका रविवारी सकाळच्या एसटीनं कुंभार पिंपळगावात उतरलीस, माझ्या ओट्यावर बसून पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "तुझ्या शाळेतली नववी-दहावीची लेकरं मला दर रविवारी दे."

मी विचारलं, शिकवणार काय? तू म्हणालीस, शिकवायला तू आहेस की, मी फक्त काम दाखवणार.

मला तेव्हा हसू आलं होतं. तू मात्र वर्गात उभी राहून एकेकाला विचारलंस, पुढं काय करायचं? पोरांनी पोलीस भरती सांगितली, दोघांनी कलेक्टर सांगितलं, मुली खाली बघत बसल्या. तू कुणालाच बोलली नाहीस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "यांनी काम करणारी माणसं पाह्यलीच न्हाईत. मंग काय व्हायचं ते कुठून सांगतील?"

त्यानंतर तू त्यांना काय काय दाखवलंस! तुझी प्रयोगशाळा, दवाखान्यातली एक्स-रेची खोली, जालन्यातला छापखाना, विजेचं उपकेंद्र. प्रत्येक लेकराला काम करणारा एक मोठा माणूस जोडून दिलास. त्याला तू सोबती म्हणायचीस. दर रविवारी लेकरानं त्या सोबत्याला फोन करायचा, आठवडाभरात सुचलेला एक तरी प्रश्न विचारायचा. प्रश्न नसेल तर फोन करायचा नाही. तुझा एवढाच नियम होता, आणि तो तू कधी मोडू दिला नाहीस.

अश्विनी तुला त्या उपकेंद्रातच सापडली, आठवतं? दत्ताराव कापूसवाल्यांची थोरली. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी तिथं कंट्रोल रूममध्ये रेखा मॅडमला बघून थबकली. बाईमाणूस एकटी त्या भिंतभर मीटरांसमोर बसलेली, एक फोन आला, तिनं वहीत लिहिलं, उठून बटण दाबलं आणि एका गावाची लाइट गेली. दुरुस्तीवाला वायरमन खांबावर चढणार होता म्हणून. अश्विनीनं विचारलं, तो खाली उतरला हे तुम्हाला कसं कळतं? रेखा मॅडमनी तिला सगळी पद्धत समजावली. येताना एसटीत ती तुझ्या शेजारी बसून म्हणाली, आत्याबाई, मला हे करायचंय. नववीतली होती तेव्हा. रेखा मॅडमनाच तू तिचा सोबती करून दिलंस.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास तू मला म्हणाली होतीस, "सुनी, बस जरा. कुणाला कधी कोणते कागद लागतात, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून घे." मी म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मला तुझा वर्ग म्हणजे तुझा विरंगुळा वाटायचा, आत्या. मी दार उघडून द्यायचे, चहा करायचे आणि पेपर तपासत बसायचे. दिवाळीनंतर तुझ्या छातीत दुखलं आणि दोन दिवसांत तू गेलीस. सगळं डोक्यात घेऊन गेलीस.

पण तू तरी का थांबलीस गं माझ्यासाठी? मी नाही म्हणाले तर तुझ्या लेकाला, प्रकाशला सांगायचं होतंस, एखाद्या मोठ्या मुलीकडून लिहून घ्यायचं होतंस. एवढा हट्टी स्वभाव तुझा, नेमका तिथंच कसा मऊ पडला?

प्रकाशनं तुझा फोन माझ्याकडे आणून दिला. आईच्या वर्गाचं सगळं यात आहे म्हणाला. मी फोन उघडला तर त्यात नावंच नाहीत. "लाल गेट", "मिशीवाले", "चष्मा सिस्टर", "सबस्टेशन". लाल गेटला फोन लावला तर ते एक्स-रेवाले निघाले. मिशीवाल्यांनी तू गेल्याचं ऐकलं आणि फोनच ठेवून दिला, त्यामुळे ते काय काम करतात हे विचारायला मला पुन्हा दुसऱ्या दिवशी फोन करावा लागला. हसावं की डोकं आपटून घ्यावं, सांग.

तरी मी वर्ग चालवला. पोरं कमी झाली, पण चालवला. अश्विनी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तेवढ्यात शाळेत एक फाउंडेशन आलं. मोठा बॅनर, टी-शर्ट, टॅबलेट. हेडसरांनी हार आणले. त्यांचा एक तरुण साहेब होता, बोलायला गोड. सगळ्या पोरांना टॅबलेटवर खुणा करायला लावल्या आणि आठ दिवसांनी प्रत्येकाचा रंगीत रिपोर्ट आला. अश्विनीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, इव्हेंट मॅनेजमेंट, इंटिरियर डिझाइन, पायलट.

ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, यातलं एकबी काम करणारं माणूस मी पाह्यलं न्हाई."

हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, आता हे लोक दर रविवारी येणार आहेत, तुमच्या आत्याच्या वर्गाची वेगळी गरज नाही, हॉल त्यांना द्या. मी वाद घातला नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुला सांगताना लाज वाटते, पण वाटलं. पॉलिटेक्निकचे फॉर्मही तेच भरून देणार होते. अश्विनीचा फॉर्म त्या साहेबानंच भरला, जालन्याला, इलेक्ट्रिकल डिप्लोमासाठी. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला अजून आला नव्हता, अर्ज केल्याची पावती होती. मी विचारलं, हे चालतं का? तो म्हणाला, "पावती चालते मॅडम, बिलकुल टेन्शन घेऊ नका." मी घेतलं नाही. पहिल्या फेरीत तिला जालन्याची जागा लागलीही.

पावती चालते, आत्या, पण फॉर्म भरण्यापुरतीच. जागा पक्की करायला मूळ दाखला लागतो, ठरलेल्या तारखेच्या आत. तू असतीस तर एप्रिलमध्येच सगळ्यांच्या आईबापांना जीपमध्ये घालून घनसावंगीला तहसीलला नेलं असतंस. मला हे कळलं ते शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेही दुसऱ्या एका मुलीच्या बापाकडून. सकाळी मी आणि दत्ताराव घनसावंगीला पोचलो. दाखला सहीला गेला होता आणि सही करणारे साहेब दौऱ्यावर होते. तिथल्या कारकुनानं बिचाऱ्यानं चार ठिकाणी फोन करून पाहिले. दाखला मिळाला तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत अश्विनीचं नाव तिच्या राखीव गटातून निघून खुल्या गटात गेलं होतं आणि जालन्याची जागा दुसऱ्याला लागली होती.

दुसऱ्या फेरीत तिचं नाव लागलं ते थेट लातूरकडच्या कॉलेजात. दत्ताराव म्हणाले, तितक्या दूर न्हाई.

मी फाउंडेशनच्या साहेबाला फोन केला. तो तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमचं काम मार्गदर्शनाचं आहे, कागदपत्रांची जबाबदारी पालकांची. मी फोनवर इतकं ओरडले की स्टाफरूममधले सगळे बघायला लागले. मग हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, त्यांचा रिपोर्ट वर गेला आहे, त्यात आपल्या शाळेचं नाव चांगलं आलंय, आता वाद नको. आपल्या एका मुलीचं वर्ष गेलं हे त्या रिपोर्टात कुठल्या पानावर आहे, असं मी विचारलं. त्यांनी हॉलची किल्ली माझ्यापुढं टेबलावर ठेवली. त्या रविवारी फाउंडेशनचं कुणी आलंच नाही. पुढच्याही रविवारी नाही.

आणि आत्या, ओरडून झाल्यावर मला कळलं की त्या तरुण साहेबावर मी जेवढी ओरडले त्यातलं निम्मं माझ्यासाठीच होतं. मी एवढी शिकलेली, शाळेत सायन्स शिकवते. एक फोन करून खात्री करायला मला काय झालं होतं?

दत्तारावांच्या घरी जायला मला धीर होईना. शेवटी गेले. अश्विनी आत होती, बाहेर आली नाही. वहिनींनी चहा दिला. दत्ताराव चांगला माणूस आहे, तुला माहीत आहे. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, तुमचा काही कसूर न्हाई. औंदा घरी राहू द्या तिला. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे तुला मला सांगायला नको. वहिनींच्या भावाकडून एक स्थळ आलं आहे हे मला दारातच शेजारणीनं सांगितलं होतं.

घरी आले आणि तुझ्या फोनमधल्या "सबस्टेशन"ला फोन लावला. रेखा मॅडमना सांगितलं, तुमच्या अश्विनीचं असं असं झालं. मला वाटलं, त्या हळहळतील. पण त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "तुम्ही मला आत्ता सांगून राह्यल्या? ती पोरगी दोन वर्षांपासून दर रविवारी मला फोन करते. तीन रविवार झाले, फोन न्हाई. मी वाट बघून राह्यले." मग त्यांनी विचारलं, आयटीआयची फेरी संपली का?

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डिप्लोमा गेला म्हणजे सगळं गेलं, असंच मी धरून बसले होते. रेखा मॅडम स्वतः आयटीआय करून लागलेल्या. त्यांनी सांगितलं, अंबडला इलेक्ट्रिशियनच्या जागा अजून भरायच्या आहेत. दोन वर्षांचा कोर्स, पास झाली की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. वर्ष फार वाया जात नाही, आणि हात आधी तयार होतात.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्या जालन्याहून आल्या. दत्तारावांच्या ओसरीवर बसून आधी कापसाचं, बोंडअळीचं बोलल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मला नोकरी लागली तवा आमच्या गावात बी लोक म्हणले, पोरगी खांबावर चढणार का? चढले की. आता माझ्या बापाच्या शेताची लाइट मीच चालू-बंद करते." दत्ताराव हसले नाहीत. मग आत बघून हाक मारली, "अश्विनी, इकडं ये. तुला काय करायचं ते तूच सांग."

ती दाराशी आली. तीन आठवड्यांत वाळली होती गं. बापाला म्हणाली, "मला जालना पाहिजे होतं, दादा. ते गेलं. पण घरी न्हाई बसायचं."

एवढंच बोलली. स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. काल दत्ताराव स्वतः तिची पेटी घेऊन अंबडला आले होते. वर्गात चोवीस पोरं आणि ती धरून दोनच मुली. तिला मागच्या बाकावर बसवलं होतं, ती उठून पुढं आली.

सगळे म्हणतात, चला, चांगलं झालं. मला नाही वाटत चांगलं झालं. तिनं स्वतःच्या मार्कांवर मिळवलेली जागा होती ती, आणि आपण मोठ्या माणसांनी एका कागदापायी ती घालवली. ती कुणालाच बोलली नाही म्हणून आपण सुटलो असं होतं का? रेखा मॅडम नसत्या तर? तू त्यांना तिच्याशी जोडून दिलं नसतंस तर? आणि ज्या लेकरांना सोबती नाही त्यांनी कुणाला फोन करायचा?

म्हणून तुला वचन देते, आत्या. वर्ग बंद होणार नाही. किल्ली माझ्याकडेच आहे आणि ती मी आता कुणाला देत नाही. एप्रिलमध्ये दहावीच्या प्रत्येक लेकराच्या घरी जाईन, दाखला हातात बघितल्याशिवाय उठणार नाही. जे मला माहीत नाही ते पोरांसमोर माहीत नाही म्हणेन आणि त्यांच्यासमोरच फोन करून विचारीन.

पण तुझ्यासारखं एकटीनं करणार नाही. या रविवारपासून दहावीच्या दोन मुली वही घेऊन माझ्याशेजारी बसणार आहेत. कोण माणूस, काय काम करतो, कोणता कागद, कुठल्या तारखेच्या आत, सगळं त्याच लिहितील. पूर्ण नावानिशी. उद्या मी नसले तर त्यांनी वर्ग पुढं न्यावा, आणि माझ्यावर चिडून असं पत्र लिहायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

तुझीच,
सुनी
कुंभार पिंपळगाव