चौदावी विहीर

नवी दिल्ली,
३ ऑगस्ट १९९७

ती. तुळसाक्कास,
गेणूचा जयभीम.

मी बरा आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना? हे पत्र करुणा तुला वाचून दाखवेल. करुणा, आईला वाईट वाटेल म्हणून एकही ओळ गाळू नकोस.

निवडून आल्यावर वस्तीवर आलो, तेव्हा तू हार घातला नाहीस. "खासदार झालास व्हय? मग धर ह्यो हंडा," म्हणालीस. सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी हंडा माझ्या हातातून काढून घेतला.

इथं पहिला प्रश्न मी पाण्याचाच विचारला. इंदापूर तालुक्यात अजून पाणी नसलेल्या वस्त्या किती, त्यांची योजना कधी? परवा लेखी उत्तर आलं. यादीत आपली वस्ती नाही. तिथल्या विहिरीला बारमाही पाणी आहे, असं म्हटलंय. आधार म्हणून एका प्रबंधाचं नाव दिलंय.

प्रबंध माझा आहे.

त्याच्यावरच मी डॉक्टर झालो. बारामतीच्या कॉलेजात वीस वर्षं मुलांना सांगत आलो, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. चौदा वस्त्या होत्या. तेरा विहिरींत मी दोर सोडून पाणी मोजलं. चौदावी आपली. घरचीच विहीर, ती काय मोजायची, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

त्या दिवशी जीपमध्ये पुण्याचे माझे मार्गदर्शक होते. आपल्या फाट्यावर त्यांनी विचारलं, "इथं पाणी आहे?"

"आहे, सर."

"मग ती बाई हंडा घेऊन कुठं निघालीय?"

"असेल काही काम."

ती बाई तू होतीस. अनवाणी. तू मला ओळखलंस आणि हाक मारली नाहीस. आजवर विषयही काढला नाहीस.

परवा मंगळवारी मी सभागृहात उभा राहणार आहे. प्रबंधातला विहिरींचा तक्ता चुकीचा आहे, तो मी लिहिला, विहीर न बघता लिहिला, असं सांगणार. इथले मित्र म्हणतात, "सर, दुरुस्तीचं पत्र द्या आणि गप्प बसा. पदवीवर येईल." येऊ दे. नोंद झाली की विहीर बघायला माणसं पाठवावीच लागतील. हे पत्र पोचेल तोवर बोलून झालेलं असेल.

पंधरा ऑगस्टनंतरच्या शनिवारी येतो. सत्कार ठेवू नका. फाट्यापासून चालत येईन. जुना दोर अजून माझ्याकडे आहे. विहिरीवर तू बरोबर ये. पाणी किती ते तू सांग, मी लिहितो.

जीपमधून न उतरलेला,
तुझा गेणू